तोंडी ‘नाही’ला अपील नसतं

मंडळी, आज संजय गांधी निराधार अनुदान योजनेबद्दल बोलू. अर्ज कसा भरायचा यापेक्षा तो अडला तर काय करायचं, यावर भर देतो.

योजना १९८० पासूनची आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारानं ग्रासलेले, असे ६५ वर्षांखालचे निराधार लोक तिच्यात येतात. ६५ च्या पुढे श्रावणबाळ योजना. विधवा बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. एवढ्यात काय होतं, असं आपल्याला वाटेल. पण अट बघा: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. दिवसाला जेमतेम ५७ रुपये झाले! त्या घरात हे १,५०० म्हणजे जवळजवळ दुसरी कमाई. ती अडली की चूल अडते.

आता, ‘पैसे मिळत नाहीत’ ही तक्रार एकच वाटते, पण तिच्यात तीन वेगळी दुखणी असतात.

पहिलं, अर्ज मंजूर झालाय, पण खात्यात काही नाही. इथे तहसीलला चकरा मारण्याआधी बँकेत जा. थेट जमा होणारे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि आधार दोन-तीन बँकांत दिलं असेल तर शेवटी जोडलेल्या खात्यात. बाई जुनं पासबुक भरून घेत बसते आणि पैसे दुसरीकडे पडलेले असतात.

दुसरं, अनुदान चालू होतं, मध्येच थांबलं. बहुतेकदा वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला राहिलेला असतो. तो दिला का, हे आधी तपासा.

तिसरं आणि खरं अवघड, अर्जच नामंजूर. बाई सांगते, “साहेब नाही म्हणाले.” कोणते साहेब? कधी? कोणत्या कारणानं? कागद नाही. आणि कागद नसेल, तर वरच्या अधिकाऱ्यापुढे ठेवायचं काय?

म्हणून अर्ज देतानाच आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक असलेली पोच घ्या. टेबलावर अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा; टपालाची पावती हीसुद्धा पोचच. नामंजूर झाला म्हणाले की तहसीलदारांना दोन ओळींचं पत्र द्या: निर्णय कारणासह लेखी कळवावा. कागदपत्रांची त्रुटी असेल तर ती पूर्ण करून पुन्हा अर्ज करता येतो. कारणच चुकीचं असेल तर तो कागद घेऊन प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

मागून प्रश्न आलाय, “पत्र देऊनही उत्तर आलं नाही तर?” चांगला प्रश्न. मग माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘माझ्यावर अन्याय का केला’ असं विचारू नका. विचारा: माझ्या अर्जावर काय निर्णय झाला, कोणत्या तारखेला, आणि त्या निर्णयाची व टिपणीची प्रत द्यावी. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर त्यावर अपील.

आणखी एक गाठ असते. कधी कधी अर्ज योजनेपर्यंत पोचतच नाही, उत्पन्नाच्या दाखल्यापाशीच अडकतो. तिथे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ कामाला येतो. दाखल्याला मुदत ठरलेली आहे. ती उलटली किंवा दाखला नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. नाकारताना कारण आणि अपील कोणाकडे करायचं हे लेखी कळवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. सबळ कारणाशिवाय सेवा दिली नाही तर त्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे भांडून सांगायची गरज नाही. अर्जात कायद्याचं नाव लिहिलं तरी पुरतं.

तुम्ही शिकलेले आहात, तुमच्या शेजारी, कामाला येणाऱ्या बाईकडे असा अडलेला अर्ज असेल. तिला सल्ला देण्याआधी विचारा, “पोच आहे का?” नसेल तर कामाची सुरुवात तिथूनच करा.