गायक्याच्या कुत्र्याच्या बोटांची इजा : उपचार व प्रतिबंध

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा या धानाच्या तालुक्यांत सकाळी आखरावर गुरे गोळा झाली की गायक्याचा एखाददुसरा कुत्राही त्यांच्याबरोबर जंगलाची वाट धरतो. पांगलेले जनावर वळविणे, रात्री बांधीत डुक्कर शिरताच भुंकणे आणि वाघ किंवा बिबट जवळ असल्याची पहिली सूचना देणे ही कामे तो विनावेतन करतो. असा कुत्रा लंगडू लागला म्हणजे कळपाच्या मागे पडतो, आणि या जंगलात मागे पडलेला कुत्रा बिबट्याला आयताच सापडतो. एवढे नुकसान पुष्कळदा नखाएवढ्या जखमेतून उद्भवते.

कुत्रा टाच टेकून चालत नाही. तो बोटांवर चालतो. प्रत्येक पावलाची चार बोटे जमिनीस टेकतात. पुढील पायांच्या आतील अंगास, थोडे वर, पाचवे बोट असते. भरधाव धावताना एकाएकी वळण घेतले की सर्व भार क्षणभर थोड्याच बोटांवर येतो. त्याच वेळी नख बांबूच्या खुंटात, दगडाच्या फटीत किंवा धानाच्या धसकटात अडकल्यास ते उपटते, बोटांमधील पातळ कातडी फाटते, अथवा सांध्याचे बंध तुटून बोट निखळते. पाश्चात्य देशांत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये या इजांचा बराच अभ्यास झालेला आहे. त्या कुत्र्यांना निदान तयार केलेली धावपट्टी मिळते. येथील कुत्र्याच्या पायाखाली एकाच दिवशी मुरूम, चिखल, धसकट आणि काटेरी धुरा येतो.

दुखावलेला कुत्रा धन्यालाही चावतो. म्हणून हात लावण्यापूर्वी कापडी पट्टीने त्याचे तोंड बांधावे. मात्र त्यास धाप लागली असल्यास किंवा ओकारी होत असल्यास बांधू नये. ज्याची चाल लटपटते, जबडा लोंबतो, लाळ गळते वा आवाज बदललेला आहे, अशा कुत्र्यास स्पर्शच करू नये. ती पिसाळल्याची लक्षणे असू शकतात. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

रक्त येत असल्यास स्वच्छ फडके जखमेवर ५ ते १० मिनिटे घट्ट दाबून धरावे. मधून मधून उचलून पाहू नये. नखाच्या टोकातून रक्त थांबत नसेल तर तुरटीची पूड लावता येते. नंतर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ विरघळवून त्याने जखम धुवावी, माती व खडे निघू द्यावेत, आणि पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून लावावे. बोटांमध्ये थोडा कापूस ठेवून पट्टी बांधावी. मधल्या दोन बोटांची नखे पट्टीबाहेर दिसली पाहिजेत. ती एकमेकांपासून फाकू लागली तर पाऊल सुजत आहे व पट्टी घट्ट झाली आहे असे समजून ती तत्काळ सैल करावी. पट्टी रोज बदलावी. ओली झाल्यास लगेच बदलावी.

कुत्र्याची लाळ हेच औषध, ही समजूत खरी नाही. चाटल्याने जखम ओली राहते व चिघळते. रॉकेल, फिनाइल, जळके तेल यांचा उपयोग तर कदापि करू नये. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्याही देऊ नयेत; आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅक कुत्र्यास घातक ठरू शकतात. (जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यास २००६ पासून देशात बंदी आहे; ती मृत जनावरे खाणाऱ्या गिधाडांच्या रक्षणासाठी झाली.)

बोट वाकडे दिसणे, एकच नख वर उचललेले असणे किंवा सांधा सुजणे ही बोट निखळल्याची वा हाड मोडल्याची चिन्हे होत. दुसऱ्या बाजूच्या पावलाशी ताडून पाहिल्यास फरक लवकर ध्यानात येतो. अशा वेळी घरी ओढाताण न करता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. ताजे निखळलेले बोट बसविणे सोपे जाते, जुने झाल्यावर कठीण. जखमेत किडे पडल्यासही हाच मार्ग.

खरी चूक उपचारानंतर घडते. तिसऱ्या दिवशी कुत्रा चालताना लंगडत नाही, म्हणून धनी त्यास पुन्हा कळपामागे सोडतो. परंतु बोटाचे बंध दुखावलेला कुत्रा चालताना निरोगी दिसतो; लंगडेपणा धावताना उघड होतो. नख उपटले असल्यास जखम पुरती सुकेपर्यंत, साधारणतः आठ-दहा दिवस, त्यास दावणीस बांधून ठेवावे. हाड मोडले असल्यास काही आठवडे लागतात. गुरांच्या हाका ऐकून कुत्रा दोरी तोडू पाहतो आणि गायक्यालाही दया येते, हे खरे. तरीही सोडू नये.

प्रतिबंधासाठी संध्याकाळची दोन मिनिटे पुरतात. आखरावर परतताच चारही पावलांच्या बोटांमधून हात फिरवावा. काटा, गोचीड, वाळलेला चिखल काढून पाऊल कोरडे करावे. पावसाळा सरल्यावर कुसळी गवत पिकते तेव्हा विशेष जपावे. त्याचे कुसळ बोटांमधून आत शिरते व पुढे पुढे सरकते. वर बारीक छिद्र व त्यातून पू, असे दिसल्यास कुसळ काढल्याखेरीज कोणतेही मलम गुण देत नाही. उभे राहिल्यावर जमिनीस टेकणारी नखे थोडी थोडी कापावीत. काळ्या नखात आतली शीर दिसत नाही, म्हणून एकाच वेळी फार कापू नये. पाचव्या बोटाचे नख झिजत नसल्याने वाढून मांसात रुतते; ते विसरू नये. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्त्यावर कुत्रा चालविल्यास पायाच्या गाद्या भाजतात.

ससा किंवा डुक्कर दिसताच कुत्रा सोडण्याची सवय काही ठिकाणी आढळते. कित्येक बोटे अशाच पाठलागात मोडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यामागे कुत्रे लावणे हीदेखील शिकार ठरते, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गायक्यांस स्पष्ट सांगावे. रेबीजची लस दरवर्षी टोचावयाची असतेच. त्या दिवशी गावातील कुत्र्यांची नखे व बोटेही पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावीत. दवाखाना दूर असल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो.