खांदा टिकतो तो स्नायूंवर
जबलपूरच्या गोरखपूर बाजारपेठेत पोते उचलणाऱ्या हमालाचा हात धडाच्या सांगाड्याला एकाच जागी जोडलेला असतो: गळ्याजवळचे हाड छातीच्या मधल्या हाडाला भेटते तिथे. खवाटा तर बरगड्यांवर स्नायूंच्याच आधाराने सरकतो. दंडाच्या हाडाचा गोल माथा ज्या खळगीत फिरतो ती फार उथळ. त्याला जागेवर धरण्यात भोवतालच्या चार स्नायूंचा वाटा मोठा. म्हणून खांदा दुखला की हात गळ्यात बांधून ठेवणे मला पटत नाही. न हलणारा सांधा आखडतो. दुखणे म्हणजे विश्रांतीचा इशारा, असे कुणी म्हणेल. हाड मोडले किंवा सांधा निखळला असेल तर ते खरेच. एरवी डॉक्टरांना दाखवून, सोसेल तितका हात हलवत राहावा. मात्र छातीतून खांद्याकडे कळ गेली, घाम फुटला, तर तडक रुग्णालय गाठा.