ख्रिस्ती जीवनातील प्रार्थना : संकल्पना, आचार आणि मराठी परंपरा

प्रस्तावना

नाशिकरोड येथील बाळ येशू मंदिराची यात्रा दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात भरते. या यात्रेस ख्रिस्ती भाविकांबरोबरच अन्य धर्मांचे लोकही मोठ्या संख्येने येतात. कोणी मुलाच्या शिक्षणासाठी, कोणी आजार बरा व्हावा म्हणून मेणबत्ती लावतो. हे दृश्य पाहणाऱ्यास सहज प्रश्न पडतो : नवस आणि प्रार्थना यांत फरक तो कोणता? ओझर परिसरातील महाविद्यालयात ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना विद्यार्थी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. मागितलेले मिळाले नाही, तर माणूस प्रार्थना का करीत राहतो? या प्रश्नाच्या अनुषंगाने ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप, तिचा आचार आणि मराठी भाषेत तिने घेतलेले रूप यांचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रार्थनेची संकल्पना

‘प्रार्थना’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशी ‘मागणे, याचना करणे’ हाच अर्थ आहे. ख्रिस्ती परंपरेने मागणे त्याज्य मानलेले नाही. परंतु प्रार्थनेचा तो केवळ एक भाग मानला आहे. स्तुती, पापांची कबुली, उपकारस्तुती, स्वतःसाठी विनंती आणि इतरांसाठी मध्यस्थी ही तिची प्रमुख अंगे होत. या सर्वांच्या मुळाशी नाते आहे. येशूने देवाला ‘पिता’ म्हणून हाक मारण्यास शिकविले. नवसात देणे-घेणे ठरलेले असते. कार्य झाले की फेड करून व्यवहार संपतो. मूल मात्र बापाशी असा करार करीत नाही. ते मागते, रुसते, नकार ऐकते आणि तरीही त्याच घरात राहते. ख्रिस्ती प्रार्थनेचे मर्म या उपमेत सापडते.

प्रभूची प्रार्थना : एक आदर्श

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना आहे. लूकच्या अकराव्या अध्यायात तिचे संक्षिप्त रूप आढळते. तिची रचना लक्षणीय आहे. आरंभी देवाचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा यांचा विचार येतो. त्यानंतर रोजची भाकर, क्षमा आणि मोहापासून रक्षण या मागण्या येतात. भाकर मागितली आहे ती त्या दिवसापुरती, साठ्यासाठी नव्हे. शिवाय संपूर्ण प्रार्थना अनेकवचनी आहे. एकांतात प्रार्थना करणारा माणूसही ‘आमची भाकर’ मागतो. शेजाऱ्याच्या भुकेचा विचार न करता ही प्रार्थना प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

क्षमेची मागणी तर त्याहून कठीण आहे. आपण इतरांना क्षमा करतो त्याच मापाने आपणास क्षमा मिळावी, असे ती सुचविते. म्हणजे प्रार्थना करणारा स्वतःलाच बांधून घेतो. प्रार्थनेचा पहिला परिणाम परिस्थितीवर नव्हे, तर प्रार्थना करणाऱ्यावर होतो, असे जे म्हटले जाते त्याचा अर्थ येथे स्पष्ट होतो.

अनुत्तरित प्रार्थनेचा प्रश्न

ख्रिस्ती धर्मग्रंथ या प्रश्नापासून पळ काढीत नाहीत. गेथशेमाने बागेत स्वतः येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली. तो टळला नाही. पौलाने आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. तो काटा राहिला, सहन करण्याचे बळ मात्र मिळाले. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी अनेकांत देवाकडे केलेली तक्रारच आहे. तक्रार ही श्रद्धेची उणीव नसून प्रार्थनेचाच एक प्रकार होय, हे या परंपरेने मान्य केले आहे. या ठिकाणी मराठी वाचकाला विठ्ठलाशी भांडणाऱ्या संतांची आठवण होणे स्वाभाविक आहे.

मराठी परंपरा

मराठी मातीत ख्रिस्ती भक्तीला वाङ्मयीन रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांचा. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. असे असूनही कॅथलिक मिस्साविधीची भाषा पुढे साडेतीन शतके लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मराठीतून मिस्सा करण्याचा मार्ग मोकळा झाला.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मराठी उपासना आधीपासूनच होती. मात्र तेथील कित्येक गीते भाषांतरित असून पाश्चात्त्य चालींवर गायिली जात. शब्द मराठी, पण स्वर परका, अशी ही अवस्था होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ही उणीव ओळखली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांचा त्याग केला नाही. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांच्या अनेक रचना ‘उपासना संगीत’ या संग्रहाद्वारे आजही मराठी मंडळ्यांत गायिल्या जातात. प्रार्थनेची भाषा ही हृदयाची भाषा असली पाहिजे, हे त्यांच्या कार्याचे सार होय.

या प्रवासाची किंमत घरच्यांनीही मोजली. नाशिकजवळील जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांना पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे विभक्त राहावे लागले. सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांतून त्या एकदम मुक्त झाल्या नाहीत. त्यांचे परिवर्तन हळूहळू, घरातल्या रोजच्या प्रसंगांतून घडले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले असता, शाळेचे शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. पतीचे अपुरे काम असे वर्षानुवर्षे पुढे नेत राहणे, हीदेखील प्रार्थनाच म्हणावी लागेल.

आचरणाची अंगे

प्रार्थनेच्या आचरणाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार एकांतातील प्रार्थना. दाराआड, मोजक्या शब्दांत प्रार्थना करावी, अशी येशूची शिकवण आहे; दिखाऊपणास तीत स्थान नाही. दुसरा प्रकार सामुदायिक प्रार्थना. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेल्या आध्यात्मिक जागृतीपूर्वी पंडिता रमाबाईंनी तेथील मुलींना रोज एकत्र प्रार्थनेस बसण्याचे आवाहन केले होते. मात्र त्याच मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त मुलींना अन्न, शिक्षण व हस्तकौशल्य मिळत होते, हे विसरता येत नाही. तेथे प्रार्थना आणि श्रम एकमेकांना पर्याय नव्हते.

तिसरा प्रकार लिखित प्रार्थनेचा. पाठ केलेली प्रार्थना यांत्रिक होते, असा आक्षेप घेतला जातो व तो सर्वस्वी चुकीचा नाही. तथापि नाशिकच्या शरणपूरचा इतिहास याची दुसरी बाजू दाखवितो. गुलामीतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना तेथील मिशनमध्ये शिक्षण दिले जाई. त्यांपैकी याकोब वेनराईट हे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्यासोबत आफ्रिकेत होते. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळले. त्यांचे हृदय त्याच भूमीत पुरताना वेनराईट यांनी दफनविधीतील प्रार्थना वाचली. आपले शब्द आटतात तेव्हा परंपरेचे शब्द माणसाला आधार देतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ख्रिस्ती प्रार्थना हे इच्छापूर्तीचे साधन नसून नाते टिकविण्याची शिस्त आहे. तीत मागणे आहे, तक्रार आहे, मौनही आहे. परंतु करार नाही. यात्रेत मेणबत्ती लावणाऱ्याला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. बहुतेकांची प्रार्थना गरजेपासूनच सुरू होते. ती गरजेपाशी थांबते की पुढे शेजाऱ्यापर्यंत पोहोचते, एवढाच खरा प्रश्न आहे. टिळक, लक्ष्मीबाई किंवा रमाबाई यांचे साहित्य शिकविताना धर्मांतराच्या घटनेवर आपण जेवढा भर देतो, तेवढाच या रोजच्या प्रार्थनाजीवनावर दिला, तर विद्यार्थ्यांना ही माणसे अधिक जवळून समजतील, असे वाटते.