व्यापाऱ्याच्या पिशवींतला लॅपटॉप

माझ्या पुतण्याचा सांगलीस औषधांचा घाऊक व्यापार आहे. आठवड्यांतील तीन दिवस तो तासगांव-विट्याकडे दुकानदारांच्या मागण्या घेत हिंडत असतो. गेल्या वर्षीं त्यानें हप्त्यांवर एक चिमुकला लॅपटॉप घेतला. "काका, जेमतेम किलोभर वजन, पिशवींत आहे कीं नाहीं हेंहि कळत नाहीं," असें तो मोठ्या कौतुकानें म्हणाला. त्याचें म्हणणें खरेंच होतें. परंतु वीस तारखेला, म्हणजे वस्तु व सेवा कराचें मासिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशीं, त्या यंत्राचा श्वास कोंडला. हिशेबाचा टॅली, एक्सेलमधील यादी आणि कराचें संकेतस्थळ हीं तीन एकदम उघडतांच तें जागचें हालेना. विवरणपत्र दुसऱ्या दिवशीं गेलें. विलंबशुल्क बसलें, व्याज निराळें. त्या रात्रीं तो जेवला नाहीं, असें सूनबाईनें मला सांगितलें.

तेव्हां असें लहान यंत्र व्यापाराला कितपत पुरतें, हें मीं स्वतः फूटपट्टी घेऊन तपासलें. मी या विद्येंतला पंडित नव्हें. गणित शिकविण्यांत मात्र माझा जन्म गेला आहे.

"पोर्टेबल" हा शब्द संगणकाच्या बाबतींत पहिल्यापासूनच सैल हातानें वापरला गेला. १९८१ सालीं अमेरिकेंत निघालेला ऑस्बोर्न-१ याच नांवानें विकला जाई. त्याचें वजन सुमारें ११ किलो, पडदा ५ इंचांचा, आणि बॅटरी मुळींच नाहीं! पुढें २००७ मध्यें तैवानच्या आसूस कंपनीनें ई-पीसी काढला, तो किलोहूनहि हलका. पण पडदा ७ इंची आणि कळा इतक्या आंखडलेल्या, कीं मोठ्या बोटांच्या माणसाला एक दाबावी तर दोन दाबल्या जात.

लहानपणाची मर्यादा ही अशी प्रथम बोटांना कळते. नेहमींच्या कीबोर्डावर एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेचा मध्य १९ मिलिमीटर असतो. ओळींत अशा पंधरा कळांची जागा धरली, तर २८५ मिलिमीटर रुंदी झाली. ११.६ इंची पडद्याचें यंत्र साधारण तेवढेंच रुंद असतें; म्हणून त्यावर अक्षरें टंकण्यास अडचण पडत नाहीं. परंतु उजवीकडील आंकड्यांचा वेगळा संच बसविण्यास तेथें जागाच उरत नाहीं, आणि व्यापाऱ्याचें काम अक्षरांपेक्षां आंकड्यांचें अधिक! दिवसाला शंभर बिलें चढविणाऱ्यानें वरच्या ओळींतून आंकडे वेंचीत बसणें म्हणजे चिमट्यानें तांदूळ निवडणें होय. शिवाय टॅलींत विक्रीस एफ-८, खरेदीस एफ-९ अशा कळा लागतात. लहान यंत्रांत त्याच कळांवर बहुधा आवाज व उजेड यांचे कारभार सोंपविलेले असतात. पुतण्या विक्री नोंदवूं जाई आणि पडद्यावर अंधार होई. ही व्यवस्था बहुतेक यंत्रांत बदलतां येते. पण तें आधीं ठाऊक हवें.

आतां पडदा. ११.६ आणि १४ इंच यांत फरक तो काय, असें वाटतें. पण हीं मापें कर्णाचीं आहेत, आणि क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. पहिल्याचें सुमारें ५७ चौरस इंच, तर दुसऱ्याचें ८४. म्हणजे जवळजवळ दीडपट. औषधांच्या यादींत बॅच क्रमांक, मुदत, दर व सूट असे आठ-दहा रकाने एका दृष्टीक्षेपांत मावतात कीं नाहीं, हें यावरच ठरतें.

वीस तारखेच्या फजितीचें मूळ मात्र पोटांत होतें. विंडोज-११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठा लागतो; पुतण्याच्या यंत्रांत नेमका तेवढाच होता. म्हणजे पस्तीस गुणांनीं उत्तीर्ण झालेला विद्यार्थी! त्यांतून रॅम आंतल्या पट्टीवर डाख देऊन बसविलेली, तेव्हां वाढविण्याचा मार्ग खुंटला. व्यापारास निदान ८ जीबी रॅम हवी, पुढें वाढवितां येणार नसेल तर १६. आणि साठा २५६ जीबीच्या खालीं नको. पंखा नसलेलें यंत्र नि:शब्द असतें खरें, पण फार तापलें कीं आपली गति आपणच कमी करतें.

बॅटरीचा हिशेब सोपा. तिच्यावर वॅट-तास लिहिलेले असतात. ३८ वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी ८ वॅटांचा खर्च, म्हणजे पावणेपांच तास. जाहिरातींतले दहा नव्हेत. दोन-तीन वर्षांनीं त्यांतहि घट येते. कमी वजनासाठीं बॅटरी लहान केली असेल, तर चार्जर बरोबर न्यावा लागतो. मग त्याचेंहि वजन ताजव्यांत घालावें.

म्हणून दुकानांत नुसतें यंत्र उचलून पाहूं नये. आपल्या गर्दीच्या दिवसाचीं कामें एकदम उघडून अर्धा तास बिलें चढवावीं. दुकानदार कंटाळेल, कंटाळूं द्यावा.

पुतण्याचे हिशेब पुनः दुकानांतल्या जुन्या टेबलावरच्या संगणकावर गेले आहेत. लहान लॅपटॉप मागण्या टिपण्यासाठीं विट्यास जातो, आणि तेवढें काम तो चोख करतो. त्याचे पांच हप्ते अद्याप राहिले आहेत.