सूक्ष्मदर्शकांतील मोजदाद

जाळींतून आलेल्या कवडशांत जो धूलिकण तरंगतांना दिसतो त्यास त्रसरेणु म्हणतात, आणि मनुस्मृतींत वजनमापांचा आरंभ तेथूनच केला आहे. डोळ्यांस दिसणाऱ्या अत्यंत लहान वस्तूपासून मापन सुरू व्हावें हें योग्यच होय. परंतु जें डोळ्यांस दिसतच नाहीं, तें मोजावें कसें?

१६७४ सालीं हॉलंडमधील लेव्हेनहूक यांनीं रक्तांतील तांबड्या पेशींचें वर्णन केलें, व वाळूच्या कणाशीं ताडून त्यांच्या आकाराचा अदमास बांधला. अशी पेशी सुमारें ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते; म्हणजे एका मिलिमीटरांत सव्वाशें पेशी सहज ओळीनें बसतील. पुढें सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगांत बारीक पट्टी कोरून मापें घेऊं लागले. पण शेंकडों पेशी मोजतां मोजतां डोळा शिणतो, आणि दोघांचे आंकडे क्वचितच जुळतात.

आतां हें काम संगणक करितो. चित्र म्हणजे त्याच्या लेखीं बारीक चौकटींचें जाळें, व प्रत्येक चौकटींत उजेडाचा एक अंक. अमुक अंकाहून गडद ती पेशी, फिकट ती पार्श्वभूमि, असा निवाडा त्यास करावा लागतो. हा सीमेचा अंक चित्रावरूनच काढण्याची एक रीत जपानी शास्त्रज्ञ ओत्सु यांनीं १९७९ सालीं दिली. अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत वेन रॅस्बँड यांनीं १९९७ मध्यें सिद्ध केलेली ‘इमेज-जे’ ही आज्ञावली कोणासही विनामूल्य मिळते. २०१५ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें निघालेली ‘यू-नेट’ ही रचना तर मनुष्यानें रेखाटलेल्या सीमा पाहून स्वतःच शिकते.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें हा प्रयोग आम्हांस दाखविला. क्षणार्धांत पडद्यावर आंकडे उमटले. मात्र एके ठिकाणीं दोन पेशी एकमेकींस चिकटल्या होत्या. यंत्रानें त्यांस एकच मानून क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट लिहिलें! तो म्हणाला, “सर, म्हणूनच कांहीं चित्रें मी अजून स्वतः मोजून ताडून पाहतों.” हें ऐकून आम्हांस फार संतोष वाटला.

शिणलेल्या मनुष्याची चूक तेवढ्यापुरती असते. परंतु यंत्रास घालून दिलेली सीमाच चुकली, तर तीच चूक हजारों चित्रांत बिनबोभाट उतरते, आणि अशाच आंकड्यांवर पुढें एखाद्या रोग्याचें निदान व्हावयाचें असतें. यासाठीं ज्यांच्या घरीं हें शास्त्र शिकणारीं मुलें आहेत, त्यांनीं त्यांस एवढेंच सांगावें, कीं यंत्रास हजार पेशी मोजावयास सांगण्यापूर्वीं त्यांतील दहा आपल्या हातानें मोजाव्या.