भुशीच्या गर्दीत मित्र ओळखू येतो, मग फोटोवरून का नाही?

ऐकत असाल तर उत्तम, वाचत असाल तर ही त्याच एपिसोडची लिहिलेली प्रत. बोललोय तसंच ठेवलंय, फार इस्त्री केलेली नाही.

तर झालं असं. काही वर्षांपूर्वीचा जुलै, रविवार, लोणावळ्याचं भुशी धरण. पायऱ्यांवरून पाणी धो धो वाहतंय, आणि पाण्यापेक्षा माणसंच जास्त. आमच्यातला एक जण मक्याचं कणीस आणायला गेला तो गेलाच. फोन लागेना. अर्ध्या तासाने आमची चेष्टामस्करी थांबली, कारण त्या पाण्यात काय होऊ शकतं ते दर पावसाळ्यात बातम्यांत येतं. वाटेवरच्या भजीवाल्या मावशींना मी मोबाईलवरचा त्याचा फोटो दाखवला. "मावशी, हा दिसला का हो?" त्यांनी नीट निरखून बघितलं आणि समोरच्या एका पोराकडे बोट केलं. दाढी तशीच, केस तसेच. पण तो आमचा नव्हता.

थोड्या वेळाने आमचा दिसला. चांगला पन्नास फुटांवर. रेनकोटची टोपी कपाळापर्यंत, चष्म्यावर पाणी, तोंडात कणीस. तरी आम्ही चौघं एकदमच ओरडलो.

आता मावशींची नजर काही आमच्यापेक्षा अधू नव्हती. दिवसभरात त्या हजार चेहरे बघत असतील. पण ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा, ही मेंदूसाठी जवळजवळ दोन वेगळी कामं आहेत.

पहिली पायरी मात्र सगळ्यांची सारखीच: "हा चेहरा आहे" हे कळणं. मेंदूच्या खालच्या बाजूला, साधारण उजव्या कानाच्या मागे, एक छोटासा भाग आहे. बाकी वस्तूंपेक्षा चेहरे दिसले की तो जास्त जागा होतो. 1997 मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी एमआरआय वापरून तो नेमका दाखवला. त्याचं नाव फ्युझिफॉर्म फेस एरिया. चेहरा समोर आल्यावर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत मेंदूत त्याची खास विद्युत लहर उमटते. म्हणजे तुम्ही "अरे!" म्हणायच्या कितीतरी आधी.

मेंदूची ही यंत्रणा जरा अतिउत्साहीच आहे. ढगात, भिंतीच्या ओलीत, दगडात, कुठेही तिला चेहरा दिसतो. खंडाळ्याजवळचा तो सुळका घ्या ना. इंग्रज साहेबांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं बाकदार नाक दिसलं, म्हणून ड्यूक्स नोज. हा ड्यूक म्हणजे 1803 मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला तोच वेलस्ली. मावळातल्या माणसांना तिथे नागाचा फणा दिसला, म्हणून नागफणी. साहेबांना ड्यूकचं नाक पाठ होतं, आपल्याला नाग. माझं विचाराल तर नाग जास्त पटतो.

बरं, मूळ मुद्दा. खरा फरक पडतो तो "हा कोण?" या पायरीवर. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या रॉब जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी एक मस्त प्रयोग छापला. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध बायकांचे प्रत्येकी 20, असे 40 फोटो. त्या दोघींना न ओळखणाऱ्या लोकांना सांगितलं, एकेका व्यक्तीचे फोटो एकत्र करून वेगवेगळे गठ्ठे लावा. सरासरी सात-आठ गठ्ठे झाले! एकाच बाईचे वेगवेगळे फोटो त्यांना वेगवेगळ्या बायका वाटल्या. तेच फोटो डच लोकांना दिले, तर जवळपास सगळ्यांनी बरोब्बर दोन गठ्ठे लावले.

म्हणजे ओळखीच्या माणसाचा एखादा फोटो आपण डोक्यात जपून ठेवलेला नसतो. तो चेहरा किती आणि कसा बदलतो, हे आपण शिकलेलो असतो. झोपेतून उठलेला, रडलेला, दाढी वाढलेला, हसताना एक डोळा बारीक होणारा. लोणावळ्यात मेणाचे पुतळे बघताना मला हे नेहमी जाणवतं. ज्याला फारसं पाहिलेलं नाही त्याचा पुतळा झक्कास वाटतो. ज्याचे वीस सिनेमे पाहिलेत त्याच्या पुतळ्यात काहीतरी चुकतंच. पुतळा म्हणजे चेहऱ्याचा एकच क्षण ना!

आणखी एक गंमत. अनोळखी चेहरा लक्षात ठेवताना आपण केस, कपाळ, चेहऱ्याची ठेवण अशा बाहेरच्या गोष्टींवर जास्त भिस्त ठेवतो. ओळखीच्यांच्या बाबतीत डोळे-नाक-तोंड हा आतला भाग जास्त कामी येतो. म्हणून टोपीने केस झाकले तरी आमचं अडलं नाही, आणि मावशी दाढी-केसांवर फसल्या.

ओळखण्यात नुसती माहिती नसते, जिव्हाळाही असतो. हा धागा तुटला की काय होतं, ते 1923 मध्ये फ्रान्समधल्या जोसेफ कॅपग्रा यांनी नोंदवलं. अशा रुग्णाला नवरा किंवा आई समोर दिसते, चेहरा तोच आहे हे कळतं, तरी तो म्हणतो, "ही तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कोणीतरी आहे." याच्या उलट, काहींना जन्मापासूनच चेहरे ओळखता येत नाहीत, ते आवाज, चाल, केस यांवर काम भागवतात. समोरून जाऊनही ओळख न दाखवणाऱ्या मित्राला "माजलाय" म्हणण्याआधी हे आठवा.

आता यातला गंभीर भाग. आपलीच माणसं आपल्याला झटकन ओळखू येतात, म्हणून वाटतं की फोटो दिला की कोणीही ओळखेल. तसं नाही होत. 1997 मध्येच ब्रिटनमध्ये एका सुपरमार्केटमध्ये चाचणी झाली. गिऱ्हाइकाच्या हातात दुसऱ्याचा फोटो असलेलं क्रेडिट कार्ड. अशी निम्म्याहून जास्त कार्डं कॅशियरनी चालवून घेतली, तीही फोटो आणि माणूस दोन्ही समोर असताना! गर्दीत, पावसात, आठवणीवर विसंबून काय होणार?

म्हणून कोणी हरवलं, मग ते भुशीला असो की कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेत, तर शोधणाऱ्याला एकच झकास फिल्टरवाला फोटो पाठवू नका. चार-पाच साधे पाठवा: समोरून, बाजूने, हसताना, चष्म्यासह. आणि त्या दिवशीच्या कपड्यांतला एक हवाच, कारण अनोळखी माणूस बाहेरच्याच खुणा बघणार.

आमच्या ग्रुपमध्ये आता गाडीतून उतरल्या उतरल्या सगळ्यांचा रेनकोटसकट एक फोटो निघतो. मावशींकडे परत गेलो, दोन प्लेट कांदाभजी घेतली, आणि खरा मित्र त्यांच्यासमोर उभा केला. त्यांनी फोटो बघितला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा? हा तर मघाशी इथूनच गेला की."