फक्त मोठ्यांची होडी

मालवणच्या धक्क्यावर तुम्ही उतरता न उतरता तोच दोन-चार माणसे पुढे येतात आणि विचारतात, "काय साहेब, स्नॉर्केलिंग करायचं का?" आपण नवखे असतो. बरोबर मुलेबाळे, एखादे वडीलधारे माणूस, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. माणशी किती, एवढाच प्रश्न आपल्याला सुचतो. समोरचा एक आकडा सांगतो, आपण त्यातून शंभर रुपये कमी करून घेतो आणि मोठा शहाणपणाचा सौदा केला अशा समजुतीने होडीत जाऊन बसतो. श्रोतेहो, बाजारात वांगी घेतानासुद्धा आपण याहून अधिक चौकशी करतो!

सुटीत गावोगावची शिक्षक मंडळी गट करून कोकणात उतरतात. त्यांना आणि तुम्हां सर्वांनाच उपयोगी पडावे म्हणून आज या एकाच गोष्टीविषयी बोलायचे आहे. समुद्रातले मासे आणि प्रवाळ पाण्यावर तरंगत पाहायचे असतील, तर होडी कशी निवडावी? आणि मुलांना काठावर ठेवून फक्त मोठ्या माणसांनीच जावे का?

प्रथम हे स्नॉर्केलिंग म्हणजे काय ते पाहू. यात पाण्याच्या तळाशी जायचे नसते. पालथे पडून तरंगायचे, डोळ्यांवर काचेचा मास्क लावायचा आणि तोंडात धरलेल्या नळीने वरची हवा घ्यायची. डोळ्यांपुढे काच का, तर डोळ्याच्या बुबुळाला पाण्याचा थेट स्पर्श झाला की प्रकाशकिरण पुरेसे वळत नाहीत आणि सगळे अंधुक दिसते. काचेमागे हवा राहिली की दिसणे पुन्हा स्पष्ट होते. मात्र वस्तू खऱ्याहून जवळ आणि सुमारे तिसऱ्या हिश्श्याने मोठ्या भासतात. तेव्हा "एवढा मोठा मासा पाहिला" असे सांगणाऱ्याला खोटारडा म्हणू नका. त्याने तो तेवढाच पाहिलेला असतो.

नळीचे मात्र नीट समजून घ्या. सिनेमात नायक लव्हाळ्याची लांब काडी तोंडात धरून तळ्याच्या तळाशी लपून बसतो. हे खरोखर करून पाहिले तर नायक दोन मिनिटांत वर येईल. पाण्यात एक मीटर खाली गेले की शरीराच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जादा भार पडतो. छातीचा पृष्ठभाग हजार चौरस सेंटिमीटर धरला, तर तो भार १०० किलोचा झाला. ज्वारीचे भरलेले पोते छातीवर ठेवून श्वास घेण्यासारखेच ते झाले. शिवाय नळी जितकी लांब, तितकी आपण सोडलेली वापरलेली हवा तिच्यातच राहणार आणि तीच पुन्हा आत येणार. म्हणून स्नॉर्केलची नळी वीतभराहून थोडी अधिक, फार तर ४० सेंटिमीटरची असते. पृष्ठभागालगत असतानाही पाणी छातीला थोडे दाबतच असते आणि नळी श्वासाला थोडी अडवतच असते. तरण्याताठ्या माणसाला ते जाणवत नाही. पण सगळेच काही तरणेताठे नसतात, आणि आपला विषय इथेच सुरू होतो.

परदेशी बेटांवर "फक्त प्रौढांसाठी" अशी जाहिरात करून स्नॉर्केलिंगच्या होड्या निघतात. आपल्याकडे "प्रौढ" म्हटले की रात्रीचा साक्षरता वर्ग आठवतो, तो भाग वेगळा! तिकडे अशा फेरीत निवांतपणा असतो, कधी मद्यही असते. मद्य आणि समुद्र यांची सांगड घालू नये, एवढे बोलून मी तो विषय सोडतो. पण मद्य वगळले, तर त्या कल्पनेत तथ्य आहे. आठ-नऊ वर्षांचे मूल होडीत असले, म्हणजे मोठ्यांसाठी केलेला मास्क त्याच्या चेहऱ्याला बसत नाही, पाण्यात ते मोठ्यांच्या आधी गारठते आणि खारे पाणी नाकात गेले की घाबरून जवळच्या माणसाच्या गळ्याला मिठी मारते. होडीवरचा जो एक मनुष्य सर्वांवर नजर ठेवायला असतो, त्याचे सगळे लक्ष त्या मुलाकडे जाते. आईचेही चित्त पाण्यात लागत नाही. म्हणून शक्य असेल तर मोठ्यांनी वेगळे जावे, या मताचा मी आहे. मालवणात त्यासाठी वेगळी जाहिरात शोधत बसू नका. सहा-आठ जणांचा गट करा आणि सबंध होडीच ठरवा. माणशी थोडे अधिक पडतील, पण होडीत कोण असावे हे तुम्ही ठरवाल.

पण इथे एक फसगत आहे. मुले नाहीत, म्हणजे आता धोका नाही, असे आपण गृहीत धरतो. खरे तर मूल निदान रडून "मला भीती वाटते" असे सांगते. मोठा माणूस सांगत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. महाविद्यालयातील आम्ही काही सहकारी असेच मालवणला गेलो होतो. तांडेलाने एकेकाला विचारले, "पोहता येतं ना?" मी मोठ्या ऐटीत "हो" म्हणालो. माझे पोहणे गावच्या विहिरीतले, आणि तेही वीस-बावीस वर्षांमागचे. विहिरीला कठडा असतो, पाणी जागच्या जागी असते, चार हात मारले की पायरी सापडते. समुद्रात मी चार हात मारले तेव्हा होडी होती तिथेच होती आणि मी मात्र भलतीकडे गेलो होतो. एका लहानशा लाटेने नळीत पाणी शिरले, ठसका लागला, छाती धडधडू लागली. शेजारी आमचे दोन प्राध्यापक मजेत तरंगत होते. हाक मारावी की नाही? आणि श्रोतेहो, लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणीही माझ्या मनात विचार आला तो, हे लोक स्टाफरूममध्ये काय म्हणतील हा! अंगावर लाइफ जॅकेट होते म्हणून बुडालो नाही. होडीवर थांबलेल्या एका पोरसवदा मुलाने पाहिले, उडी टाकली आणि दंडाला धरून आणले. त्या मुलाचे लक्ष नसते तर माझ्या प्रौढपणाचा काय उपयोग होता?

हवाई बेटांवर पाहुणे बुडण्याच्या ज्या घटना घडतात, त्यांत स्नॉर्केलिंग हे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले आहे आणि त्यांत पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांचा भरणा मोठा आहे. कित्येक घटनांत बाहेरचे पाणी नाकातोंडात जाण्याआधीच, नळीतून जोर लावून श्वास ओढता ओढता फुप्फुसांतच पाणी साठत असावे, असा तिथल्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. हृदयाचा विकार असलेल्याला हा धोका अधिक. यात आरडाओरड नसते, हातपाय झाडणे नसते. एकाएकी दम लागतो, हातापायांतले बळ जाते. असे वाटले की एक क्षणही विचार न करता नळी तोंडातून काढावी, उताणे व्हावे, हात वर करावा आणि पाण्याबाहेर यावे. ज्यांना रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून जाऊ नये. आणि पोहणे येत नसेल, तर नि:संकोच "येत नाही" म्हणावे. न पोहणाऱ्याला रबरी कडे धरवून, शेजारी माणूस देऊन मासे दाखवता येतात. त्यात कमीपणा कसला?

आता होडीविषयी काय विचारायचे ते सांगतो. पैसे देण्यापूर्वी विचारा, म्हणजे उत्तर मिळते. होडीला परवानगी किती माणसांची आणि तुम्ही बसवणार किती? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची एक होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले. महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी असते, तिचा कागद पाहायला मागा. चांगला तांडेल रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. लाइफ जॅकेट फळीखाली कोंबलेले नको, धक्का सोडण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर हवे, आणि त्याचे पट्टे तुटके नकोत.

मग दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच खरा प्रश्न. आम्ही पाण्यात असताना होडीवर कोण थांबणार? पुष्कळदा वाटाड्या पाण्यात उतरतो, तांडेल इंजिनाशी खटपट करतो आणि वरून पाहणारे कोणीच उरत नाही. केवळ पाहण्यासाठी एक माणूस हवा. पाण्यातल्या वाटाड्याकडे चार-पाच जणांपेक्षा अधिक नकोत. होडीला शिडी आहे का, तेही पाहा. पाण्यात उतरणे सोपे असते, पण थकल्यावर ओल्या अंगाने होडीच्या काठावरून वर चढणे भल्याभल्यांना जमत नाही.

एकाच दरात पाच-सहा खेळ देतो म्हणणारा मला पसंत नाही. त्याला पुढच्या गिऱ्हाइकाची घाई असते आणि घाईत मास्क कसा लावावा हेही कोणी सांगत नाही. ते मीच सांगतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने किंचित श्वास ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशा दाट असल्या तर तो बसत नाही आणि पाणी झिरपत राहते. मिशी राखायची की मासे पाहायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न! काचेवर धुके धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळतात, तेव्हा किळस करू नका. सबंध चेहरा झाकणारा मास्क मात्र मी नवख्या माणसाला सुचवणार नाही. घाबरल्यावर साधी नळी तोंडातून नुसती सोडून देता येते, तो मास्क तसा चटकन सुटत नाही.

कुठे नेता, हेही विचारा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांत आणि त्या परिसरात प्रवाळ आहेत. १९८७ साली इथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. लक्षद्वीप किंवा अंदमानसारखे निळे, काचेसारखे पाणी इथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पाणी हिरवट असते आणि काही दिवशी गढूळही. तरी अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या पिवळसर माशांचा थवा हातभर अंतरावरून जातो, तेव्हा केलेल्या खर्चाचे सार्थक होते. मासे जमावेत म्हणून कोणी पावाचे तुकडे टाकू लागला, तर नको म्हणा. आणि प्रवाळावर पाय ठेवू नका. तो दगड दिसला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. गोलसर दगडासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. त्याचा तुकडा आठवण म्हणून आणणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शाळेच्या विज्ञानपेटीसाठीसुद्धा नको, गुरुजी!

राहिली वेळ. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत हे सगळे बंदच असते. इतर दिवसांतही सकाळच उत्तम. भूगोलाच्या तासाला आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकवतो, ते इथे अंगाला लागतात. सकाळी मतलई वारा मंद असतो आणि पाणी शांत असते. दुपार झाली की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि लाटा उठतात. शिवाय पंचांग पाहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, तेव्हा पाण्याला ओढ फार आणि तळची माती उठलेली. अष्टमीनंतर भांगाची भरती, तेव्हा ओढ कमी. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात. स्थळाप्रमाणे तासभर फरक पडेल. म्हणजे दशमी-एकादशीच्या सकाळी ओढ कमी आणि पाणी भरलेले, असे दोन्ही साधते. दिवाळीच्या सुटीत कार्तिकी एकादशीच्या आसपासचे दिवस पाहा. वारकरी मंडळींची मात्र अडचण होईल, याला माझा इलाज नाही.

आणि मुले? त्यांना नुसते "तुम्ही लहान आहात" म्हणून धक्क्यावर बसवून जाऊ नका, ती ते वर्षभर विसरणार नाहीत. दोन मोठी माणसे त्यांच्याबरोबर थांबू द्या आणि दुसऱ्या फेरीला त्यांची पाळी लावा. त्याच एकादशीला दुपारी अडीचच्या सुमारास ओहोटी लागलेली असेल. तेव्हा मुलांना डोक्यावर टोपी आणि पायांत चपला घालून खडपावर न्या. खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शंख, इवलेसे मासे आणि हात लावताच मिटणारी समुद्रफुले असतात. पाणी घोट्याएवढे असते आणि मास्क लागत नाही. परतताना भरती फिरण्याच्या आत निघा, आणि उचललेला प्रत्येक दगड होता तसा पुन्हा पालथा ठेवायला मुलांना सांगा, कारण त्याच्याखाली कोणाचे तरी घर असते.